आमेन व्हायच्या आधी

प्रार्थनेनं बंद वाटा उघडतात, असं आमच्या देवळात पाळक दर रविवारी सांगतात. आमची चांगली उघडी वाट प्रार्थनेनंच बंद झाली. मी चिडून बोलतेय हे खरं, पण खोटं बोलत नाही.

आमचं घर टेकडीला टेकून, आणि पुढ्यात चुलत सासऱ्यांचं. त्यांना आम्ही काका म्हणतो. माझे सासरे थोरले, हे धाकटे. काकांच्या अंगणातून आमची वाट सडकेवर जायची. दुधाच्या किटल्या त्याच वाटेनं, चाऱ्याचे भारे त्याच वाटेनं, नवी नवरी म्हणून मी आले तीही त्याच वाटेनं. सासरे असताना जमीन वाटली तेव्हा वाटेबद्दल कुणी बोललंच नाही. घरातल्या घरात काय बोलायचं?

मग काकू आजारी पडल्या. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, त्यांच्या उशाशी ठाण मांडलं. आईंची प्रार्थना मनातल्या मनात होत नाही. त्यांना देवाशी बोलायचं म्हणजे पलीकडच्या शेतात हाक मारल्यासारखं बोलायला लागतं. गावात त्यांना आमेनबाई म्हणतात ते उगाच नाही. त्या काकांना म्हणायच्या, "भाऊजी, काळजी करू नका. ही उठणार. मी देवाला सोडणार नाही."

काकू उठल्या नाहीत. गेल्या.

काकांनी देवळात यायचं सोडलं. पाळक घरी आले तर त्यांना पाणी दिलं आणि स्वतः गोठ्यात जाऊन बसले. सगळ्यांनी ओळखलं की या माणसाला आता थोडं एकटं राहू द्यावं. सगळ्यांनी, एक आमच्या आई सोडून. रोज पहाटे किटली घेऊन निघाल्या की काकांच्या पायरीपाशी थांबायच्या, किटली खाली ठेवायच्या आणि सुरू. "हे बापा, या घराकडे बघ. माझ्या भाऊजींच्या मनाला हात लाव." आत काका जागेच असायचे. एकदा ओरडले, "वहिनी, पुरे!" दुसऱ्यांदा ओरडले. तिसऱ्यांदा आतून भांडं फेकल्याचा आवाज आला.

नंतर एका सकाळी आम्ही उठलो ते दगडांच्या आवाजानं. काका एकटेच अंगणाच्या कडेला दगडावर दगड रचत होते. आमचे हे धावत गेले. "काका, अहो काका, हे काय करताय? आम्ही जायचं कुठून?"

"वरून," काका म्हणाले. टेकडीकडे बोट दाखवलं आणि पुढचा दगड उचलला. संध्याकाळपर्यंत भिंत छातीएवढी झाली. आईंनी काहीही म्हटलं नाही. मला वाटलं, चला, निदान आता तरी आईंना कळलं.

कसलं कळलं! दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीच्या आमच्या बाजूला पोतं अंथरलं, गुडघे टेकले आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात सुरू. उलट आता किटली घेऊन पुढे जायची घाई नव्हती, म्हणून प्रार्थना लांबली.

वरून म्हणजे काय, ते ज्याच्या डोक्यावर ओझं असतं त्यालाच कळतं. आमच्या गोठ्यामागून टेकडी चढायची, काट्यांतून वळसा घालायचा, मग ओढ्यात उतरायचं. उतार असा की पायाखालचे खडे आपल्याआधी खाली जातात. ओढ्यापलीकडे पुन्हा चढ, मग सडक. दुधाची गाडी सडकेवर काकांच्या दारासमोरच थांबते. आम्ही घाम गाळत पोचायचो तर गाडीवाला भोंगा वाजवत असायचा. "काय वहिनी, परदेशातून आलात का?" रोज तेच बोलायचा, रोज स्वतःच हसायचा. मला त्याच्या डोक्यात किटली घालावीशी वाटायची.

यांचा डावा गुडघा लहानपणापासून अधू. सपाटीवर कळत नाही, उतरताना दुमडतो. एका सकाळी ओढ्यात उतरताना तो दुमडला आणि हे किटलीसकट गडगडले. मी मागे होते. दूध खडकांवरून ओघळत होतं आणि हे बसल्या बसल्या त्याच्याकडे बघत होते. पँट गुडघ्यावर फाटली होती, रक्त आलं होतं. "लागलं का हो?" मी विचारलं. "सकाळचं सगळं गेलं," हे म्हणाले. मी पदरानं रक्त पुसलं. वर चढापलीकडून भोंगा ऐकू आला, थोडा वेळ वाजला, मग गाडी निघून गेली. माझ्या किटलीतलं दूध परत घरी नेलं, तापवलं, तरी संध्याकाळपर्यंत फाटलं.

चाऱ्याचंही तसंच. पूर्वी बैलगाडी अंगणातून थेट गोठ्याशी यायची. आता सडकेवर चारा उतरवायचा आणि भारे डोक्यावरून आणायचे. हे दोन खेपांत बसून जायचे. मग मी. मानेची शीर अशी धरायची की रात्री कुशीवर वळताना आई गं व्हायचं. गाईंनाही कळलं होतं की पूर्वीइतकं मिळत नाही. गोठ्यात शिरलं की माझ्या हाताकडे बघायच्या, मग तोंडाकडे.

आणि पहाटे भिंतीपाशी, "माझ्या भाऊजींना आशीर्वाद दे!" अहो, आशीर्वाद? त्यांना? मी गोठ्यात शेण काढताना खराटा आपटत राहायचे, म्हणजे निदान देवाला दोन्ही बाजू ऐकू जाव्यात.

शेवटी मीच गेले काकांकडे. वळसा घालून, सडकेकडून, पाहुण्यासारखी पुढच्या दारानं. काका अंगणात गाईला खरारा करत होते. ती काकूंची गाय. वासरू असतानाच हिची आई मेली, तेव्हा काकूंनी बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. आता गाभण होती, दिवस भरत आले होते. घर धुळीनं भरलेलं, काकूंची चप्पल अजून दाराशी. गाय मात्र लखलखीत.

"काका, यांचा गुडघा बघितलात का?"

"ऐकलं."

"मग?"

त्यांनी खरारा थांबवला. "सूनबाई, तुम्हा दोघांशी माझं भांडण नाही. वहिनींना सांग, तोंड बंद ठेवा. मनात काय करायचं ते करा. माझ्या नावानं मोठ्यानं एक शब्द नको. आजच्या आज भिंत पाडतो."

"एवढंच?"

"तुला एवढंच वाटतं." ते पुन्हा खरारा करायला लागले. "त्या आवाजात ती गेली. तोच आवाज रोज पहाटे कानावर येतो. मला वाटतं ती आतच आहे अजून, आणि आज पुन्हा जाणार."

परत येताना टेकडी चढले ती मात्र हलक्या पायांनी. मला वाटत होतं, सुटलो. कोण नाही म्हणणार याला?

आई दूध काढत होत्या. सांधेदुखीनं त्यांची बोटं सुजलेली असायची, तरी एक गाय त्या कुणाला देत नसत. मी सगळं सांगितलं. धारांचा आवाज तसाच चालू राहिला.

"आई, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग उद्यापासून मनात करा. देवाला काय कमी ऐकू येतं?"

"त्याला येतं," आई म्हणाल्या. "भाऊजींना मनातलं कसं ऐकू येणार?"

माझं डोकं सटकलं. "त्यांना ऐकायचंच नाहीये! तुमच्या मुलाचा गुडघा जातोय, माझी मान जातेय, दूध नासतंय, आणि तुम्हाला आवाज कमी करता येत नाही? देवावर भरवसा म्हणता. हा भरवसा नाही, हट्ट आहे, हट्ट!"

आईंनी हात थांबवले. कपाळ गाईच्या पोटाला टेकवून बसून राहिल्या. मला वाटलं रडतायत, पण नाही.

"ही उठणार असं मी भाऊजींना सांगितलं," त्या म्हणाल्या. "देवानं मला तसं काही सांगितलं नव्हतं. मीच माझ्या तोंडानं सांगितलं. ती गेली, त्यांना वाटलं देव खोटा. खोटी मी होते. ती गेल्यावर देवळातली माणसं आठवडाभर आली. मग कोण आलं? आता मीही गप्प बसले तर ते म्हणतील, हिनंही सोडलं. चिडू देत माझ्यावर. चिडलेला माणूस निदान ऐकत असतो."

"आणि तुमचा देव? तो ऐकतो?"

"कधीकधी वाटतं, नाही ऐकत," आई म्हणाल्या. "म्हणून तर मोठ्यानं बोलते." आणि पुन्हा धारा काढायला लागल्या.

मी बाहेर येऊन चाऱ्याच्या भाऱ्याला लाथ घातली. यांना सगळं सांगितलं तर हे म्हणाले, "तिचंही बरोबर आहे." मी म्हटलं, "आणि काकांचं?" "त्यांचंही." असला नवरा! त्या रात्री मीसुद्धा प्रार्थना केली. देवा, आईंचा घसा तरी बसव.

आणि बसला की हो! गार वाऱ्यानं म्हणा किंवा कशानं म्हणा, आठवड्याभरातच आईंचा आवाज साफ गेला. मी घाबरले. काढा दिला, गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, मनातल्या मनात दहादा कान पकडले. पहाटे त्या भिंतीपाशी गेल्याच. गुडघे टेकले, ओठ हलले, आवाज नुसता वाऱ्यासारखा. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी मी शेणाची पाटी घेऊन भिंतीजवळून जात होते तर पलीकडून काकांचं डोकं वर आलं.

"काय, संपलं का तुझ्या सासूबाईंचं?"

"घसा बसलाय."

"हं." ते गेले नाहीत. भिंतीवरचा एक दगड उगाच हलवून पुन्हा होता तसा ठेवला. "जास्त आहे का?"

"काढा देतेय."

"हं," म्हणाले आणि गेले. मी पाटी डोक्यावर घेऊन तिथेच उभी राहिले. म्हणजे हा माणूस रोज ऐकत होता. नाही ऐकू आलं तर त्याला चैन पडत नव्हतं. मग माझ्या मानेवर वरवंटा कशाला? मला दोघांचाही असा राग आला की सांगता सोय नाही.

आईंचा घसा मोकळा झाला आणि त्याच आठवड्यात ते झालं. दुपार होती. ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. भिंतीपलीकडून काकांची हाक आली. "सूनबाई! ए सूनबाई!" हाकेतच कळलं की काहीतरी बिघडलंय.

"गाय अडली. सकाळपासून कळा देतेय. डॉक्टर कुठल्या कुठे गेलाय, संध्याकाळशिवाय येत नाही. नाक दिसतंय आणि एकच पाय."

गावातल्या निम्म्या गाई आईंच्या हातानं मोकळ्या झालेल्या. पण आता त्यांची सुजलेली बोटं आत जाणं शक्य नव्हतं. हात माझा, अक्कल त्यांची, अशी आमची जोडी दोन वर्षं चालली होती. आई ओसरीतून उठून आल्याच होत्या. मी पदर खोचला आणि भिंतीवर चढले. मागे वळून बघते तर आई भिंतीला हात लावून उभ्या. त्यांना चढता कसं येणार? आणि वळसा घालून यायच्या म्हणजे वासरू गेलंच असतं.

काकांनी आईंकडे बघितलं. आईंनी काकांकडे. आतून गाय ओरडली.

काकांनी वरचा दगड उचलला आणि फेकला. मग दुसरा. हेही धावत आले आणि आमच्या बाजूनं दगड ओढायला लागले, काका त्यांच्या बाजूनं. काकांचं बोट दोन दगडांत चेचलं, नख निळं झालं, तरी थांबले नाहीत. माणूस जाईल एवढी फट झाली तसा त्यांनी आईंना हात दिला. पण आत घेताना म्हणाले, "वहिनी, देवाचं नाव काढायचं नाही. या दारात नाही."

आईंनी मान डोलावली.

गोठ्यात गाय आडवी पडली होती. अंग घामानं भिजलेलं, जीभ बाहेर. वासराचं नाक दिसत होतं, जीभ निळसर, सुजलेली. मी नाकाला बोट लावलं तर किंचित हललं. कोपरापर्यंत साबण आणि तेल चोपडलं.

"एक पाय मागे दुमडलाय," आई म्हणाल्या. "आधी वासरू आत लोट. कळ थांबली की लोट. कळ असताना जोर करू नकोस."

मी लोटलं. गाईनं कळ दिली आणि माझा हात हाडात सापडून असा आवळला की डोळ्यांपुढे काजवे. बोटं बधिर. थांबले. पुन्हा लोटलं. कुठेतरी गुडघा लागला.

"गुडघा मिळाला."

"खाली सरक. खूर मुठीत धर, पूर्ण झाक. उघडा खूर फिरवलास तर पिशवी फाटेल आणि गाय जाईल."

खूर हाताला लागायचा आणि निसटायचा. लागायचा, निसटायचा. गाईचं शेपूट माझ्या तोंडावर. काका तिच्या डोक्याशी बसून तिचा कान चोळत होते, "अगं बाई, अगं माझी बाई," आणि ते गाईला म्हणत होते की आणखी कुणाला, मला कळत नव्हतं. आईंनी ओठ असे घट्ट मिटले होते की पांढरे पडले होते. दिलेला शब्द पाळत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा गप्प होत्या, आणि ती शांतता माझ्या अंगावर आली. माझा हात संपला होता. खरंच संपला होता, त्यात काही उरलं नव्हतं.

आणि माझंच तोंड सुटलं. "बापा, हात दे! माझा हात गेला, तुझा दे! ऐकतोयस का? या माणसाकडे एवढंच उरलंय, हे नेऊ नकोस!" आईंपेक्षा मोठ्यानं. ओरडलेच. मग दचकून काकांकडे बघितलं.

काकांनी मान वर केली नाही. कान चोळायचे थांबले नाहीत.

देवाचा हात आला की माझाच परत आला, ते मला विचारू नका. खूर मुठीत बसला. मी तो झाकून पुढे आणला, गुडघा सरळ झाला आणि पाय सुळकन बाहेर आला. "दोर!" आई ओरडल्या. यांनी दोन्ही पायांना दोर बांधला. कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं. तिसऱ्या कळेला वासरू घरंगळत माझ्या मांडीवर आलं. हलेना. आईंनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, गवताची काडी नाकात घातली, मी पोत्यानं छाती घासत राहिले. मग ते शिंकलं. काका गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

कुणी आभार मानले नाहीत, कुणी प्रार्थना केली नाही. आम्ही त्याच फटीतून घरी आलो. माझा हात खांद्यापासून लोंबत होता. हे म्हणाले, "वाट उघडली बहुतेक." मी म्हटलं, "फट पडली. त्यांनी उद्या बुजवली म्हणजे?" रात्रभर मला झोप नाही. हात ठणकत होता आणि कान भिंतीकडे.

पहाटे तेच ऐकू आलं. दगडावर दगड.

मी धावत बाहेर आले. काका फट बुजवत होते. खालचा थर लागलाही होता. चेचलेलं बोट चिंधीनं बांधलेलं, तरी छातीशी मोठा दगड धरून ते तिथे उभे होते आणि दगड ठेवू शकत नव्हते. कारण जिथे ठेवायचा तिथे आई गुडघे टेकून बसल्या होत्या. पोतं रोजच्या जागेवर न टाकता बरोबर फटीत अंथरलं होतं. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

"हे बापा," आई म्हणत होत्या, रोजच्याच आवाजात, "माझ्या भाऊजींकडे बघ."

प्रार्थनेच्या मध्ये माणसाला हलवायचं नाही, हे आमच्याकडे लहान मुलालासुद्धा माहीत असतं. देवळात न जाणाऱ्या काकांच्याही ते हाडात होतं. ते आमेनची वाट बघत उभे राहिले. दगड जड होता. दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

आजवर मी रोज म्हणत आले, आई, आवरा. आज मी जाऊन त्यांच्या शेजारी धपकन गुडघे टेकले. आयुष्यात इतक्या मनापासून मी काही मागितलं नसेल. देवा, आईंना आमेन म्हणू देऊ नकोस. आणखी काहीतरी सुचव. दूध सांग, पाऊस सांग, पाळकांचा दमा सांग, पण थांबवू नकोस.

आईंना सुचत गेलं. काकूंचं नाव घेऊन त्या म्हणाल्या, "ती उठेल असं मी सांगितलं, बापा, ते मी चुकले. भाऊजींना मला क्षमा करायला लाव." काकांनी दगड छातीवर पुन्हा वर सरकवला. आई यांच्या गुडघ्यावर आल्या, माझ्या हातावर आल्या, दुधाच्या गाडीवाल्यालाही सोडलं नाही. मी डोळे किलकिले करून बघत होते. काकांचा दगड छातीवरून पोटापर्यंत घसरला होता.

मग त्यांनी दगड खाली ठेवला. फटीत नाही, बाजूला. आणि त्याच्यावर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आणि काल आलेल्या त्या गोऱ्ह्याला," आई म्हणत होत्या, "त्या गोऱ्ह्याला बळ दे, बापा, त्याला आईचं दूध—"

"गोऱ्हा नाही, कालवड आहे, वहिनी," काका म्हणाले.

आई थांबल्या. डोळे उघडले नाहीत.

"नीट सांगा त्याला," काका म्हणाले. "कालवड आहे."